जुलैच्या खांबाखाली ‘मे’

काल रात्री तू पाठवलेला ग्राफ बघितला गं. लगेच उत्तर दिलं नाही, कारण हे फोनवर दोन ओळींत उरकण्यासारखं नव्हतं. आज सुट्टी आहे, चहा घेऊन निवांत बसले आहे, तेव्हा सगळं नीट सांगते.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी, जून ते सप्टेंबर, रोजची एक नोंद. हे आकडे तू किती खपून जमवलेस ते मला माहीत आहे. एकेक दिवस वहीत उतरवून घेतलास, मग संगणकावर चढवलास. रेघही छान आली आहे. पण त्या रेघेखाली शाई सांडल्यासारखी जी काळी पट्टी दिसते ना, त्या १२२ तारखा आहेत, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. आणि डाव्या बाजूला २०, २५, ३०, ३५ असे आकडे आहेत. कोल्हापुरातला माणूस नदीकडे बघताना यातला एकही आकडा मनात धरत नाही. तू लिहिलंस, ‘ताई, ग्राफ झाला, फक्त लेबलं तेवढी नीट करायची राहिलीत.’ मला त्या ‘तेवढी’वरच बोलायचं आहे.

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका संस्थेसाठी मी पावसाचा स्तंभालेख केला होता. बारा महिने, बारा खांब. पायथॉनला महिन्यांची नावं कुठे माहीत असणार, खांब ०, १, २ असे ११ पर्यंतच्या आकड्यांवर उभे होते. मी बारा नावांची यादी केली, ती ‘सेट_एक्सटिकलेबल्स’ला दिली, खाली नावं उमटली आणि मी खूश झाले. आकडे तीनदा तपासले होते. नावं तपासायची असतात हे डोक्यातच नव्हतं. बैठकीत मागच्या रांगेत बसलेले एक शेतकरी काका उठून म्हणाले, ‘मॅडम, मे महिन्यात एवढा पाऊस कुठं पडला?’ सगळ्यांत उंच खांब जुलैचा होता आणि त्याच्याखाली ‘मे’ लिहिलेलं होतं. नोव्हेंबरच्या खांबाखाली ‘जुलै’ होतं. अहवालाच्या छापलेल्या प्रती परत मागवल्या. मला कुणी रागावलं नाही, पण त्या काकांचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. त्यांनी विश्वासाने ग्राफ वाचायला घेतला होता गं.

असं का झालं ते समजून घे, म्हणजे निम्मं काम झालं. (कमांडची नावं मी इथे आपल्या लिपीत लिहिते आहे, तू अर्थात इंग्रजीतच टंकायचीस.) मॅटप्लॉटलिबमध्ये, म्हणजे पायथॉनमधल्या आपल्या ग्राफ काढायच्या साधनात, अक्षावरच्या खुणांचं काम दोघांत वाटलेलं आहे. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड डोळ्यांपुढे आण. एक माणूस दगड रोवत पुढे जातो, दुसरा रंगाचा डबा घेऊन मागून आकडे लिहीत येतो. रोवणारा तो लोकेटर, लिहिणारा तो फॉर्मॅटर. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मी फक्त रंगवणाऱ्याच्या हातात यादी दिली. रोवणाऱ्याला काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने आपल्या अंदाजाने दोन-दोनच्या अंतराने दगड रोवले: उणे २, ०, २, ४, ६, ८, १०, १२. उणे २ चा दगड चौकटीच्या बाहेर, दिसतच नाही. रंगवणाऱ्याने मात्र इमानदारीने तिथूनच सुरुवात केली. जानेवारी उणे २ वर गेला, म्हणजे गायबच. फेब्रुवारी शून्यावर, मार्च २ वर, एप्रिल ४ वर आणि मे ६ वर. सहावर जुलैचा खांब उभा होता. ‘पहिलं लेबल दिसत नाही’ अशी तक्रार तुझ्या वर्गातही कुणीतरी करत असेल. त्यांना सांग, पहिलं दिसत नाही म्हणजे बाकीची सगळी सरकलेली आहेत.

तेव्हा हे गुपचूप होत असे. २०२० मध्ये आलेल्या ३.३ आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिब निदान इशारा देतं. त्या इशाऱ्याचा अर्थ एवढाच की ठरीव नावं द्यायची असतील तर दगडांच्या जागाही ठरवून दे. तुझ्या स्क्रीनवर लाल पट्टीत तसं काही दिसलं तर खाली सरकवून पुढे जाऊ नकोस. ग्राफ दिसतोय ना, मग असू दे, असं म्हणायची सवय सगळ्यांना लागते. मलाही होती.

उपाय अगदी साधा आहे. जागा आणि नावं एकाच हाताने, एकाच ओळीत दे. २०२१ च्या ३.५ आवृत्तीपासून ‘सेट_एक्सटिक्स’ला जागांच्या यादीबरोबर ‘लेबल्स’ म्हणून नावांची यादीही देता येते. बारा जागा, बारा नावं. एखादं नाव कमी पडलं तर प्रोग्राम तिथेच अडतो आणि चूक दाखवतो. ही अडवणूक फार मोलाची आहे. ‘सेट_एक्सटिकलेबल्स’ एकटं वापरायचं नाही, एवढं माझ्यासाठी पाळ. इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांमधून ते उचललं जातं आणि दिसायला चालतंही.

अजून एक गोंधळ इथेच होतो. काही ठिकाणी ‘पीएलटी’पासून सुरू होणारी कमांड दिसते, काही ठिकाणी ‘एएक्स’पासून. मॅटप्लॉटलिब ज्याने लिहिलं तो जॉन हंटर मेंदूच्या विद्युतलहरींवर काम करणारा संशोधक. त्याला मॅटलॅबची सवय होती आणि तशाच सोप्या कमांड पायथॉनमध्ये हव्या होत्या. २००३ मध्ये त्याने ते सगळ्यांसाठी खुलं केलं, २०१२ मध्ये तो गेला. ‘पीएलटी’वाल्या कमांड म्हणजे मॅटलॅबचं ते वळण. एकच ग्राफ असेल तर त्यात काही बिघडत नाही. पण तू वर पाऊस आणि खाली पाणीपातळी असे दोन ग्राफ एका पानावर घेणार आहेस. ‘पीएलटी डॉट एक्सटिक्स’ जो ग्राफ शेवटी तयार झाला किंवा निवडला त्यालाच लागतं. वरच्यासाठी लिहिलेलं खालच्याला जाऊन चिकटतं. म्हणून दोन ग्राफ आले की ज्याचं त्याचं नाव घेऊन सांगायचं, ‘एएक्स१’ तू हे कर, ‘एएक्स२’ तू ते कर.

आता तुझ्या य-अक्षाकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकला आहे.

आपल्या ओसरीच्या भिंतीवर आप्पांनी गेरूने मारलेल्या रेघा आठवतात ना? २००५ ची, मग २०१९ ची सगळ्यांत वर, आणि शेवटी थरथरत्या हाताने मारलेली २०२१ ची. आप्पांनी भिंतीवर दर फुटाला रेघ मारली नाही. पाणी जिथे थांबलं तिथे मारली आणि शेजारी साल लिहिलं. शिरोळ तालुक्यातल्या कितीतरी घरांत अशा भिंती आहेत. तुझ्या य-अक्षावर तसंच हवं. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर या दोनच आकड्यांकडे डोळे लावून बसलेलं असतं. मग तुझ्या अक्षावर ३५ आणि ४० कशाला? ‘सेट_वायटिक्स’ला जागा दे: १५, २५, ३९, ४३, ५०. नावं दे: ‘१५’, ‘२५’, ‘३९ इशारा’, ‘४३ धोका’, ‘५०’. अंतरं सारखी नसली म्हणून काही होत नाही. खुणा समान अंतरावरच हव्यात असा नियम कुठेही नाही, ती नुसती रोवणाऱ्या माणसाची सवय आहे. ३९ आणि ४३ वर आडवी फिकी रेघ मार, त्या दोन लेबलांचा रंगही वेगळा कर. बाकी आकडे करडे ठेव. वाचणाऱ्याची नजर आपोआप जिथे जायला हवी तिथे जाईल.

आणि आता जे सांगते ते नीट बसून वाच, कारण तुझ्या रेघेत मला काहीतरी खटकलं आहे.

ऑगस्टच्या आसपास पाणी चढत असताना रेघेला मध्येच छोटे दात पडले आहेत. चढते, एकदम खाली येते, परत चढते. चढतं पाणी एका दिवसात असं नऊ-दहा इंच उतरून परत चढेल का? मी मोठं करून पाहिलं. बंधाऱ्याची नोंद फूट-इंचात असते आणि तू ती दशांश चिन्ह देऊन भरली आहेस. ४१ फूट ९ इंच म्हणजे ४१.९, इथवर लक्षात येत नाही. पुढचा दिवस ४१ फूट १० इंच, तू लिहिलंस ४१.१०. संगणकासाठी ४१.१० म्हणजे ४१.१. पाणी एक इंच चढलं आणि रेघ धपकन खाली आली! ११ इंचांचंही तसंच. ४२ फूट ११ इंच म्हणजे धोक्याच्या पातळीला एक इंच कमी. तुझ्या ग्राफवर ते ४२.११ वर आहे, म्हणजे धोक्यापासून जवळजवळ एक फूट खाली. नदीकाठच्या माणसासाठी हा फरक म्हणजे सामान माळ्यावर चढवायचं की नाही, एवढा मोठा आहे.

फूट म्हणजे बारा इंच, दहा नाही. म्हणून आधी आकडे सुधार: फूट अधिक इंच भागिले बारा. ४१ फूट ९ इंच म्हणजे ४१.७५. पण एक अडचण आहे. तुझ्या रकान्यात ते आकडे म्हणून साठले असतील तर ४१ फूट १ इंच आणि ४१ फूट १० इंच यांत आता काहीच फरक उरलेला नाही, दोन्ही ४१.१. हे कुठल्याही कमांडने सुटणार नाही. वहीकडेच परत जावं लागेल. फूट एका रकान्यात, इंच दुसऱ्या रकान्यात असे भर. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

एकदा हे झालं की अक्षावर दशांश दाखवायचे नाहीत. ३९.५ लिहिलंस तर आपल्याकडचा माणूस ३९ फूट ५ इंच वाचणार, आणि खरं तर ते ३९ फूट ६ इंच आहे. इथे ‘फंकफॉर्मॅटर’ कामाला येतो. रंगवणाऱ्या माणसाच्या हातात तू यादीऐवजी रीत देतेस: प्रत्येक दगडावरचा आकडा घे, त्याला बाराने गुणून पूर्ण इंचात आण, मग त्यातले फूट आणि उरलेले इंच वेगळे करून ‘३९ फूट ६ इंच’ असं लिही. क्रम हाच ठेव. आधी सगळ्याचे इंच करून पूर्णांकात आणायचे, मग बाराने भागायचं. काहीजण आधी फूट काढून घेतात आणि उरलेल्या दशांशाचे इंच नंतर पूर्णांकात आणतात. मग कधीतरी अक्षावर ‘३९ फूट १२ इंच’ असं उमटतं. पायथॉनमधलं ‘डिव्हमॉड’ हे काम एका झटक्यात करतं, भागाकारही देतं आणि बाकीही.

यादी द्यायची की रीत द्यायची, हा प्रश्न तुला पुढे सारखा पडेल. माझं मत विचारशील तर, ग्राफ कागदावर जाणार असेल आणि खुणा तू स्वतः निवडल्या असतील तर यादी. स्क्रीनवर कुणी तो मोठा-लहान करून बघणार असेल तर रीत. यादीचे दगड एकदा रोवले की हलत नाहीत. दोन दिवसांचा तुकडा मोठा करून पाहिला तर तिथे एकही खूण सापडणार नाही. रीत दिली की दगड कुठेही रोवले जावोत, त्यावर बरोबर तेच लिहिलं जातं. यादीत नाव सरकण्याची भीती असते, रीतीत ती नाही, कारण तिथे प्रत्येक नाव त्याच्या आकड्यातूनच जन्माला येतं. म्हणून मनात शंका असली की मी रीतच घेते.

तुझ्या १२२ तारखांचं दुखणं वेगळं आहे. त्या तारखा नाहीतच मुळी. तुझ्या फाइलमधून त्या मजकूर म्हणून आल्या आहेत आणि मजकूर दिसला की मॅटप्लॉटलिब प्रत्येकाला स्वतंत्र नाव समजतं, जणू १२२ गावं. गावांची नावं कुणी गाळत नाही, म्हणून सगळी छापली. मजकुराच्या तारखा पांडास लायब्ररीच्या ‘टू_डेटटाइम’मधून काढ आणि तिथे रचना स्पष्ट सांग: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. हे सांगितलं नाहीस तर ०५/०७ चा अर्थ तो ७ मे असा लावतो, कारण त्याला महिना आधी वाचायची सवय आहे. पांडासच्या जुन्या आवृत्त्या तर आणखी घात करायच्या. १२ तारखेपर्यंतचे दिवस महिना समजून वर्षभर पसरवायच्या आणि १३ पासूनचे बरोबर वाचायच्या, तेही बिनबोभाट. २.० पासून निदान ते अडखळून थांबतं. तू कशावरही विसंबू नकोस, रचना लिहूनच दे.

खऱ्या तारखा झाल्या की ‘मंथलोकेटर’ दर महिन्याच्या १ तारखेला दगड रोवतो. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती सहज लक्षात येत नाही. १ जुलैच्या खुणेखाली मधोमध ‘जुलै’ लिहिलं की निम्मा शब्द जूनच्या हद्दीत जातो. वाचणाऱ्याला वाटतं, या शब्दाच्या दोन्ही बाजूंचा भाग जुलै. तुझ्यासारख्या रोजच्या ग्राफमध्ये ही पंधरा दिवसांची गल्लत आहे. त्यावर मी असं करते: १ तारखेला मोठी खूण ठेवायची पण तिच्याखाली काहीच लिहायचं नाही, आणि १६ तारखेला छोटी खूण घेऊन तिच्याखाली महिन्याचं नाव. छोट्या खुणेची रेघ लपवली की नाव बरोबर महिन्याच्या मध्यावर बसतं आणि मोठ्या खुणा दोन शेतांमधल्या बांधासारख्या दिसतात. महिन्यांची नावं मराठीत हवी असतील तर बारा नावांची यादी करून तारखेतल्या महिन्याच्या क्रमांकाने त्यातलं नाव उचल. नाहीतर ते इंग्रजीच येणार.

आता मराठीचंच सांगते. तू पहिल्यांदा मराठी लेबलं दिलीस तेव्हा चौकोन चौकोन आले म्हणून रडवेली झाली होतीस. त्यात तुझी काही चूक नव्हती. मॅटप्लॉटलिबबरोबर ‘देजावू सान्स’ नावाचा फॉन्ट येतो, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. तुझ्या लॅपटॉपवर मंगल असेल, नाहीतर मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी उतरवून घे आणि ‘फॉन्ट डॉट फॅमिली’मध्ये त्याचं नाव दे. चौकोन जातील. पण तिथे निर्धास्त होऊ नकोस, कारण खरी फसगत पुढेच आहे.

मी पहिल्यांदा ‘सातारा’ लिहून पाहिलं, सुंदर आलं. ‘सांगली’ही आलं. मग ‘मिरज’ लिहिलं आणि उमटलं ‘मरिज’. आपण वेलांटी म नंतर टंकतो, पण ती म च्या आधी काढायची असते. ही अदलाबदल फॉन्ट एकट्याने करत नाही, अक्षरं मांडणाऱ्या यंत्रणेने करायची असते, आणि मॅटप्लॉटलिबच्या बऱ्याच आवृत्त्यांमधल्या नेहमीच्या मांडणीला ते जमत नाही. ती अक्षरं आली त्या क्रमाने ठेवत जाते. जोडाक्षरांचेही पाय मोडतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांची नावं टाकून बघ. करवीर, कागल, शाहूवाडी, हातकणंगले, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा, चंदगड नीट येतील. पन्हाळ्यातला न्ह तुटेल, शिरोळची वेलांटी र वर जाऊन बसेल, गडहिंग्लजमध्ये दोन्ही होईल. महिन्यांतही जून, जुलै धड, ऑगस्ट आणि सप्टेंबर मोडके. नऊ नावं बरोबर असली की उरलेल्या तीनकडे लक्ष जात नाही, म्हणून जोडाक्षर आणि वेलांटी असलेलं नाव आधी तपासायचं. आपल्या तालुक्याचं नाव मोडकं छापून आलेलं मला नाही बघवत.

मला सोयीचा वाटलेला मार्ग असा. ग्राफ ‘एसव्हीजी’मध्ये साठव आणि साठवण्याआधी ‘एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप’ला ‘नन’ दे. मग तो अक्षरांची चित्रं काढत नाही, मजकूर मजकूरच ठेवतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडलीस की ब्राउझर त्याच्या पद्धतीने मराठी मांडतो, आणि त्याला मराठी व्यवस्थित येतं. तिथून पीडीएफ करून घे. तो फॉन्ट त्या मशीनवर असायला हवा, एवढं बघ. आकड्यांना हा त्रास नाही. वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, त्यामुळे ०१२३ कुठेही सरळ येतात. ‘मेकट्रान्स’ने इंग्रजी अंकांच्या जागी आपले अंक बसव, एका ओळीचं काम आहे.

तुझ्या प्रबंधातल्या तालुकानिहाय पावसाच्या ग्राफमध्ये तू नावं उभी केली आहेस, पूर्ण ९० अंशांत. मान वाकडी करून कोण वाचणार? खांबच आडवे कर, ‘बारएच’ वापरून. नावं डावीकडे एकाखाली एक, सरळ वाचता येतील. आणि नावं अक्षराप्रमाणे लावू नकोस, पावसाप्रमाणे लाव, गगनबावडा एका टोकाला येईल आणि तिथला घाटमाथ्याचा पाऊस एका नजरेत दिसेल. मार्गदर्शक सर उभेच खांब हवेत म्हणाले तर ४५ अंश दे, पण त्याबरोबर शब्दाचं शेवटचं टोक खुणेला बांध, म्हणजे ‘एचए’ला ‘राइट’ आणि ‘रोटेशन_मोड’ला ‘अँकर’. नुसतं तिरकं केलंस तर शब्दाचा मध्य खुणेखाली येतो आणि त्याचं टोक शेजारच्या खांबाखाली जाऊन पोचतं. परत जुलैच्या खांबाखाली मे! लांब नावं कडेला कापली जाऊ नयेत म्हणून ‘सबप्लॉट्स’मध्येच ‘लेआउट’ला ‘कन्स्ट्रेन्ड’ दे.

प्रबंधात रुपयांचा जो ग्राफ आहे त्यात अक्षावर ०.२, ०.४ आहे आणि वर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘१ई८’. ते म्हणजे ‘गुणिले एकावर आठ शून्यं’. सामान्य वाचक ते बघतही नाही आणि त्याला वाटतं वीस पैसे, चाळीस पैसे. आकड्यांना १ कोटीने भाग आणि अक्षाच्या नावात ‘कोटी रुपये’ लिही, संपलं. प्रत्येक खुणेला ‘कोटी’ लिहायची गरज नाही, गर्दी होते. पूर्ण आकडाच दाखवायचा असेल तर पायथॉनच्या स्वल्पविरामांवर जाऊ नकोस, तो तीन-तीन अंकांवर तोडतो. आपल्याला २५,००,००० हवं असतं, त्यासाठी शेवटचे तीन अंक बाजूला काढून बाकीचे दोन-दोन करून जोडणारी चार ओळींची रीत लिहावी लागते. माझ्याकडे आहे, पाठवते.

आकाराबद्दल थोडंसं. तू ग्राफ १६ इंच रुंद केलास, लॅपटॉपवर भव्य दिसतो. प्रबंधाच्या पानावर तो ६ इंचांत बसवशील तेव्हा १० पॉइंटचं लेबल पावणेचार पॉइंटचं होईल. बाबांना चष्मा लावूनही वाचता यायचं नाही. ग्राफ पहिल्यापासून ६ इंचांचाच काढ, मग स्क्रीनवर दिसेल तेच कागदावर येईल.

पाठवायच्या आधी एक कर. वहीतले कुठलेही तीन दिवस निवड, एक जूनमधला, एक पूर चढतानाचा, एक सप्टेंबरमधला. वही बंद कर आणि फक्त ग्राफवरून, अक्षावर बोट ठेवून त्या दिवसांची पातळी वाच. मग वही उघड. त्या बैठकीनंतर मी एकही ग्राफ हे केल्याशिवाय हातावेगळा केलेला नाही.

वहीतली १० आणि ११ इंचांची पानं आज संध्याकाळी शोधून ठेव, कडेला पेन्सिलने खूण कर. मी नऊनंतर मोकळी आहे. फोन कर, तू वाच, मी भरते.